सत्तेचाळिसावं गुणसूत्र

३१ जानेवारी २०१४. फ्रान्समधल्या बोर्दो शहरात मानवी आनुवंशिकीची परिषद भरली होती. मार्थ गोतिए या ८८ वर्षांच्या निवृत्त बालरोगतज्ज्ञ तिथे बोलणार होत्या आणि त्यांचा सन्मानही होणार होता. पण त्या दिवशी सभागृहात कोर्टाचे बेलिफ हजर झाले. जेरोम लेज्यून या दिवंगत संशोधकाच्या नावाने चालणाऱ्या प्रतिष्ठानाने भाषण ध्वनिमुद्रित करून घेण्याची परवानगी कोर्टाकडून मिळवली होती. पुढे खटला उभा राहिला तर पुरावा हाताशी असावा, हा त्यामागचा हेतू उघड होता. आयोजकांनी धसका घेतला, भाषण रद्द केलं आणि बाईंना त्यांचं पदक गाजावाजा न करता दिलं.

एका म्हाताऱ्या डॉक्टरीणबाईच्या आठवणींना एवढं घाबरायचं कारण काय? वाद होता पंचावन्न वर्षांपूर्वीच्या एका काचपट्टीचा. त्या काचपट्टीवर ४६ ऐवजी ४७ गुणसूत्रं दिसली होती, आणि ती पहिल्यांदा कोणी पाहिली याचं श्रेय अर्धशतकभर एकट्या लेज्यून यांच्या खात्यावर जमा होत होतं.

मुळात माणसाच्या पेशीत गुणसूत्रं किती, हा आकडाच फार उशिरा कळला. १९२३ साली थिऑफिलस पेंटर या अमेरिकी शास्त्रज्ञाने ४८ असा निर्वाळा दिला आणि पुढची तीस वर्षं पाठ्यपुस्तकांतून तोच चालू राहिला. गंमत म्हणजे त्याच्या सगळ्यात स्पष्ट पेशींत त्याला आधी ४६च दिसली होती. दोष एकट्या पेंटरचा नाही. विभाजनाच्या वेळी गुणसूत्रं शेवयांच्या गुंत्यासारखी एकमेकांवर पडलेली असत आणि मोजणारा अंदाजाने टोकं धरून मोजत असे. हा गुंता सुटला तो एका चुकीमुळे. टी. सी. शू हे संशोधक टेक्सासमध्ये काम करत असताना प्रयोगशाळेतल्या कोणीतरी मिठाचं द्रावण नेहमीपेक्षा पातळ बनवलं. पेशी पाणी शोषून टम्म फुगल्या आणि आतली गुणसूत्रं सुटी सुटी पसरली. एवढं होऊनही शू यांनी १९५२मध्ये ४८च मोजली, कारण ४८ असतात हे ‘माहीतच’ होतं. शेवटी डिसेंबर १९५५मध्ये स्वीडनमधल्या लुंड इथे, मूळचे जावा बेटावरचे जो हिन च्यो यांनी कोल्चिसीन वापरून पेशींचं विभाजन नेमक्या टप्प्यावर थांबवलं, शूंच्या पातळ द्रावणाने गुणसूत्रं पसरवली आणि प्रत्येक पेशीत ४६ मोजली. पुढच्या वर्षी आल्बर्ट लेवान यांच्यासोबत त्यांनी हे प्रसिद्ध केलं.

बरोबर आकडा हाती आल्यावरच कमी किंवा जास्त म्हणजे काय, हे विचारता येऊ लागलं.

पॅरिसच्या त्रूसो रुग्णालयात रेमों त्युर्पां हे बालरोगाचे प्राध्यापक होते. आज ज्याला आपण डाऊन सिंड्रोम म्हणतो, तो असलेल्या मुलांचा ते बरीच वर्षं अभ्यास करत होते. या मुलांच्या गुणसूत्रांतच काही गडबड असावी, असा अंदाज त्यांनीही बांधला होता आणि १९३२मध्ये वार्डेनबुर्ख या डच नेत्रतज्ज्ञानेही. पण पडताळून पाहायची सोय नव्हती. गोतिए १९५६मध्ये हार्वर्डहून परतल्या. गेल्या होत्या त्या मुलांच्या हृदयविकारांचा अभ्यास करायला. तिथे असताना एका प्रयोगशाळेत ऊतिसंवर्धनाचं, म्हणजे शरीराबाहेर पेशी वाढवण्याचं, अर्धवेळ काम त्यांनी केलं होतं. त्यांनी त्युर्पांना सांगितलं, जागा द्या, मी करून दाखवते.

जागा मिळाली. एक जुनी खोली, त्यात फ्रिज, सेंट्रिफ्यूज आणि सुमार सूक्ष्मदर्शक. पैसे मिळाले नाहीत. काचसामानासाठी बाईंनी कर्ज काढलं. पेशींना वाढायला लागणारा प्लाझ्मा विकत घेण्याऐवजी त्यांनी कोंबडा पाळला आणि त्याच्यापासून तो मिळवला. भ्रूणाचा अर्क अंड्यांतल्या पिल्लांपासून काढला आणि रक्तद्रव स्वतःच्या शरीरातून काढून वापरला. आधी निरोगी मुलांच्या ऊतींवर हात बसवला आणि मग १९५८च्या मे महिन्यात एका डाऊन बालकाच्या नमुन्यात त्यांना ४७ गुणसूत्रं दिसली. छोटंसं, एक जास्तीचं. त्यांच्या सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा नव्हता. तेव्हा खोलीत येऊ-जाऊ लागलेले तरुण संशोधक लेज्यून यांनी फोटो काढून आणतो म्हणून काचपट्ट्या नेल्या. गोतिए यांच्या सांगण्यानुसार पुढे बराच काळ त्यांना ना पट्ट्या दिसल्या, ना फोटो. त्या उन्हाळ्याच्या शेवटी लेज्यून यांनी कॅनडातल्या माँट्रियलमध्ये हा शोध तोंडी मांडला. २६ जानेवारी १९५९ला फ्रेंच विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात लेख आला. लेखकांत लेज्यून पहिले, त्युर्पां शेवटचे आणि मध्ये गोतिए, त्याही ‘मारी गोथिए’ अशा चुकीच्या नावाने. एडिंबरोमध्ये पॅट्रिशिया जेकब्ज यांचा गट त्याच मोजणीत गुंतला होता आणि त्यांचा लेख काही महिन्यांतच आला. म्हणजे घाईला कारण होतं. नाव चुकवायला नव्हतं.

लेज्यून यांना नुसतं चोर ठरवणंही सोपं आहे, पण ते मला पटत नाही. ते जास्तीचं गुणसूत्र तयारीतली चूक नसून रोगाचं कारणच आहे, ही गोष्ट त्यांनी पक्की धरली, आणखी मुलं तपासली आणि जगाला पटवून दिली. १९६३मध्ये त्यांनी पाचव्या गुणसूत्राचा तुकडा गळाल्यामुळे होणारा आणखी एक विकार शोधला. त्यात तान्ह्या बाळाचं रडणं मांजराच्या ओरडण्यासारखं ऐकू येतं. ते मोठे वैद्यकीय आनुवंशिकीतज्ज्ञ होते, यात शंका नाही. पण पहिल्या शोधातला त्यांचा वाटा सर्वात मोठा असण्याची शक्यता कमी आहे, असं फ्रान्सच्या वैद्यकीय संशोधन संस्थेच्या नीतिसमितीनेच २०१४मध्ये म्हटलं. गोतिए ३० एप्रिल २०२२ला वारल्या. निदान हे वाचायला त्या हयात होत्या.

आता ते जास्तीचं गुणसूत्र येतं कुठून?

स्त्रीबीज आणि शुक्राणू तयार होताना ४६ची २३ व्हावी लागतात, प्रत्येक जोडीतलं एकेक. ही वाटणी चुकली आणि एकविसाव्या जोडीतली दोन्ही एकाच बीजात गेली, तर गर्भात ती तीन होतात. डाऊनच्या सुमारे ९५ टक्के मुलांत हेच घडलेलं असतं, आणि त्यातल्या दहापैकी नऊ वेळा चूक आईच्या बीजात झालेली असते. कारण विलक्षण आहे. मुलगी आईच्या पोटात असतानाच तिची स्त्रीबीजं विभाजनाला सुरुवात करतात आणि अर्ध्यावर थांबतात. ते विभाजन पुढे सरकतं ते बीज पक्व होऊन बाहेर पडताना, म्हणजे पंधरा, तीस किंवा चाळीस वर्षांनी. इतका काळ जोडीतली गुणसूत्रं ज्या प्रथिनांनी एकत्र धरून ठेवलेली असतात, ती प्रथिनं झिजत जातात. त्यामुळे आईचं वय २५ असताना साधारण १२५० बाळांत एकाला डाऊन असतो, ३५व्या वर्षी ३५० बाळांत एकाला आणि चाळिशीत शंभरात एकाला. आईच्या वयाचा हा संबंध ब्रिटिश डॉक्टर लायनेल पेनरोज यांनी १९३३मध्येच आकडेमोड करून दाखवला होता, गुणसूत्रं दिसण्याच्या पंचवीस वर्षं आधी. बापाचं वय फारसं मोजावं लागत नाही, हेही त्यांनीच दाखवलं. आपल्याकडे तरीही सुनेला ‘तू काहीतरी खाल्लंस, ग्रहणात बाहेर गेलीस’ असं सुनावणारे आहेतच. वाटणीतल्या या चुकीचा खाण्याशी संबंध नाही आणि ग्रहणाशी तर नाहीच.

अशा चुका फक्त एकविसाव्या जोडीत होतात असंही नाही. कुठल्याही जोडीत होतात. पण बहुतेक गर्भ टिकत नाहीत. पहिल्या तीन महिन्यांत पडणाऱ्या गर्भांपैकी निम्म्याहून अधिकांत गुणसूत्रांचा दोष सापडतो. लिंग ठरवणारी जोडी सोडली, तर जन्मापर्यंत पोहोचतात ते मुख्यतः १३, १८ आणि २१ या गुणसूत्रांचे दोष, कारण या तिघांवर जनुकं तुलनेने कमी आहेत. त्यातही २१वं सगळ्यात गरीब, दोन-सव्वादोनशे जनुकांचं. आकारानेही ते बाविसाव्यापेक्षा लहान आहे. क्रमांक देताना अंदाज चुकला, पण तोवर ‘ट्रायसोमी २१’ हे नाव रुळलं होतं, मग तसंच ठेवलं.

उरलेल्या काही टक्क्यांतला एक प्रकार मात्र घराण्याच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. त्यात जास्तीचं २१वं गुणसूत्र सुटं नसतं, ते दुसऱ्या एखाद्याला, बहुधा चौदाव्याला, चिकटलेलं असतं. अशी चिकटलेली जोडी आई किंवा बापात असू शकते. त्यांना स्वतःला काहीच त्रास नसतो, कारण एकूण माल तेवढाच असतो. आई वाहक असेल तर पुढच्या बाळाला धोका दहा टक्क्यांच्या वर जातो, बाप असेल तर एक-दोन टक्केच राहतो. म्हणून मुलाच्या चेहऱ्यावरून निदान अगदी नक्की वाटलं, तरी जाणता डॉक्टर त्याच्या गुणसूत्रांची तपासणी, म्हणजे कॅरिओटाइप, करायला सांगतो. ती तपासणी पुढच्या भावंडासाठी असते.

जन्माआधी हे कळेल का, हा प्रश्न मग ओघाने आलाच. इथे इतिहासातली एक गोष्ट मला फार बोलकी वाटते. गर्भजलातल्या पेशी तपासून केलेलं जगातलं पहिलं निदान डाऊनचं नव्हतंच. ते लिंगाचं होतं. कोपनहेगनच्या फुक्स आणि रीस यांनी १९५६मध्ये दाखवलं की गर्भजलातल्या पेशींवरून गर्भ मुलाचा की मुलीचा हे ओळखता येतं. हेतू वैद्यकीय होता. हिमोफिलिया, म्हणजे रक्त न गोठण्याचा आजार, आईकडून मुलग्यांना येतो. वाहक आईच्या पोटात मुलगी असेल तर ती निश्चिंत होऊ शकत होती. १९६०मध्ये त्यांनी अशा काही गर्भारपणांची हकीगत प्रसिद्ध केली आणि त्यात मुलग्यांचे गर्भ पाडले गेले होते. भारतात या तंत्राचं पुढे जे झालं, त्याची उलटी प्रतिमा जणू आधीच तयार होती.

गुणसूत्रं मोजायला पेशी वाढवाव्या लागतात. स्टील आणि ब्रेग यांनी १९६६मध्ये गर्भजलातल्या पेशी वाढवून दाखवल्या, आणि १९६८मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये कार्लो व्हॅलेंती यांनी गर्भातच ट्रायसोमी २१ ओळखली. तो गर्भ पाडण्यात आला. पुढच्याच वर्षी लेज्यून सॅन फ्रान्सिस्कोला आनुवंशिकीतला मानाचा विल्यम अ‍ॅलन पुरस्कार स्वीकारायला गेले. समोर अमेरिकेतले सगळे आनुवंशिकीतज्ज्ञ बसलेले, आणि ते बोलले गर्भपाताविरुद्ध. ज्या मुलांवर उपचार शोधायला आपण निघालो, त्यांनाच जन्माआधी गाळण्यासाठी हा शोध वापरला जातोय, ही त्यांची व्यथा होती. ते श्रद्धावान कॅथलिक होते. १९९४मध्ये मृत्यूच्या थोडं आधी पोपने त्यांना जीवनविषयक अकादमीचे पहिले अध्यक्ष नेमलं, आणि आज त्यांना संतपद देण्याची प्रक्रिया सुरू आहे. त्यांच्या भूमिकेशी मी सहमत नाही. अठराव्या आठवड्यात असा रिपोर्ट हाती आलेल्या बाईने काय करावं हे तिच्याऐवजी कोणी ठरवू नये, मग तो शोधकर्ता का असेना. पण त्यांची भीती पोकळ नव्हती. डेन्मार्कने २००४पासून सर्व गरोदर स्त्रियांना चाचणी देऊ केली आणि तिथे डाऊन बाळांचे जन्म झपाट्याने कमी झाले.

आपल्याकडे हीच तपासणी आली ती सत्तरच्या दशकात. १९७४-७५च्या सुमारास दिल्लीच्या एम्समध्ये गर्भजल तपासणी गर्भातले दोष शोधण्यासाठी सुरू झाली. लवकरच डॉक्टरांच्या लक्षात आलं की येणाऱ्या बायकांना गुणसूत्रांच्या दोषाशी कर्तव्य नाही. त्यांना, किंवा त्यांना घेऊन येणाऱ्यांना, फक्त मुलगा की मुलगी एवढंच हवंय. काही डॉक्टरांना त्यात लोकसंख्या आटोक्यात आणायचा उपायही दिसला: मुलाच्या आशेने होणारी बाळंतपणं टळतील! सरकारी रुग्णालयांत बंदी आली, धंदा खाजगीत गेला. आज थोडे पैसे खर्च करा, उद्याचा हुंडा वाचवा, अशा अर्थाच्या जाहिराती लोकलच्या डब्यांत आणि वर्तमानपत्रांत झळकल्या.

तांत्रिकदृष्ट्या यात नवीन काहीच नव्हतं. कॅरिओटाइपच्या फोटोत २१वी जोडी जिथे असते, त्याच कागदावर शेवटी लिंग ठरवणारी एक्स आणि वाय असतात. पूर्वी तर फोटोतली गुणसूत्रं कात्रीने कापून जोड्या लावत. लावणाऱ्याला लिंग दिसल्याशिवाय राहणं शक्यच नव्हतं.

मुंबईत १९८५मध्ये स्त्रीसंघटना, डॉक्टर आणि वकील यांनी मिळून गर्भलिंगनिदानाविरुद्ध मंच उभा केला. पुढच्या वर्षी डॉ. संजीव कुलकर्णी यांनी राज्य सरकारसाठी मुंबईतल्या ५० स्त्रीरोगतज्ज्ञांची पाहणी केली. त्यातले ४२ जण लिंगनिदानासाठी ही तपासणी करत होते. म्हणजे हा चार लोभी डॉक्टरांचा मामला नव्हता, तो प्रॅक्टिसचा भाग झाला होता. मृणाल गोरे यांनी विधानसभेत हा विषय लावून धरला आणि १९८८मध्ये महाराष्ट्राने कायदा केला, देशातला पहिला. त्याच धर्तीवर १९९४मध्ये केंद्राचा कायदा आला. तो १ जानेवारी १९९६पासून लागू झाला आणि २००३च्या दुरुस्तीने गर्भधारणेपूर्वीच्या लिंगनिवडीलाही त्याने कवेत घेतलं. तोवर सोनोग्राफी गावोगाव पोहोचली होती आणि गर्भजलासाठी पोटात सुई टोचायची गरजच उरली नव्हती. महाराष्ट्रात शून्य ते सहा वयोगटातल्या हजार मुलग्यांमागे १९९१मध्ये ९४६ मुली होत्या, २००१मध्ये ९१३ आणि २०११मध्ये ८९४. पहिला कायदा करणाऱ्या राज्याचे हे आकडे.

आज शहरातल्या गरोदर बाईची गुणसूत्रांशी गाठ पडते ती अकराव्या ते तेराव्या आठवड्यात. एनटी स्कॅनमध्ये बाळाच्या मानेमागचं पाणी मोजतात. त्याला डबल मार्कर या रक्ततपासणीची जोड देतात आणि रिपोर्टवर ‘हाय रिस्क, २२०त १’ असं छापून येतं. घरात रडारड सुरू होते. २२०त १ म्हणजे २१९ वेळा बाळाला डाऊन नाही, हे त्या क्षणी कोणाच्या डोक्यात शिरत नाही. या चाचण्या निदान करतच नाहीत, त्या फक्त चाळणी लावतात. हजार बायका तपासल्या तर पन्नासेक जणी ‘पॉझिटिव्ह’ येतात आणि त्यातल्या एखाद-दोघींच्याच बाळाला दोष असतो.

एनआयपीटी ही नवी रक्तचाचणी आल्यापासून चाळणी बारीक झाली. १९९७मध्ये डेनिस लो यांनी दाखवलं की आईच्या रक्तात बाळाच्या बाजूचा डीएनए तरंगत असतो. पुढे २००८मध्ये त्यांच्या हाँगकाँगच्या गटाने आणि अमेरिकेतल्या स्टॅनफर्डच्या गटाने तो वाचून ट्रायसोमी ओळखली. आईच्या दंडातून रक्त घ्यायचं, बस्स. जाहिरातीत ९९ टक्के असा आकडा असतो. तो खोटा नाही, पण त्याचा अर्थ तुम्हाला वाटतो तो नाही. समजा, एक लाख तरुण गर्भवती आहेत, त्यातल्या शंभर बाळांना दोष आहे आणि चाचणी हजार निरोगी बाळांमागे एकदा चुकते. दोष असलेल्या ९९ सापडतील आणि निरोगींपैकीही साधारण शंभर ‘पॉझिटिव्ह’ येतील. म्हणजे पॉझिटिव्ह रिपोर्ट हातात असलेल्या दोघींपैकी एकीचं बाळ निरोगी. चाळिशीतल्या लाख बायकांत दोषाची हजार बाळं धरली तर तीच चाचणी दहापैकी नऊ वेळा खरी ठरते. चाचणी तीच, बाई बदलली की अर्थ बदलतो. शिवाय तो डीएनए खरं तर वारेतून आलेला असतो, आणि कधी कधी वारेत दोष असूनही बाळात नसतो. म्हणून एनआयपीटी पॉझिटिव्ह आली तरी पक्कं करायला गर्भजल लागतंच. त्यात गर्भपाताचा जादा धोका पूर्वी शंभरात एक धरत, अलीकडे हजारात एक ते तीन इतका कमी सांगतात.

गर्भजल सोळाव्या आठवड्याच्या आसपास काढतात आणि पेशी वाढवून पूर्ण अहवाल यायला दोन-तीन आठवडे जातात. गर्भपाताच्या कायद्याची मर्यादा वीस आठवड्यांची होती तेव्हा जोडप्याला विचार करायला चार-आठ दिवस मिळत. २००८मध्ये मुंबईतलं एक जोडपं बाळाच्या हृदयातल्या दोषामुळे ही मर्यादा ओलांडून हायकोर्टात गेलं आणि परवानगी नाकारली गेली. २०२१च्या दुरुस्तीने गर्भात गंभीर दोष असेल तर वैद्यकीय मंडळाच्या निर्णयावर आठवड्यांची मर्यादा उठवली.

मात्र रिपोर्ट गुणसूत्र सांगतो, मूल सांगत नाही. डाऊनच्या जवळजवळ निम्म्या मुलांना हृदयदोष असतो, त्यातले बरेच शस्त्रक्रियेने दुरुस्त होतात. १९८०च्या दशकात पाश्चात्त्य देशांत या व्यक्तींचं सरासरी आयुष्य पंचविशीच्या घरात होतं, आज ते साठीच्या जवळ गेलंय. कोण शाळेत कितपत रमेल, किती बोलेल, हे ४७ या आकड्यात लिहिलेलं नसतं.

भारतातल्या प्रयोगशाळा गर्भाच्या कॅरिओटाइपचा अहवाल देताना एक्स-वायची जागा झाकतात. ‘संख्येत दोष आढळला नाही’ एवढंच लिहितात. एनआयपीटीच्या अहवालातूनही लिंग वगळलेलं असतं. बहुतेक वेळा हे सरळ निभावतं. पण कधी दोष नेमका झाकलेल्या जागेतच निघतो. एकच एक्स असेल तर तो टर्नर सिंड्रोम, आणि तो मुलींनाच होतो. दोन एक्स आणि एक वाय असेल तर क्लाइनफेल्टर, तो मुलग्यांनाच. दोन्हींत बुद्धी बहुधा ठीक असते, उंची किंवा पुढे मूल होणं यांत अडचण येते. गुणसूत्रांचे दोष शोधायला कायदा परवानगी देतो आणि लिंग सांगायला मनाई करतो. समुपदेशकाने आजाराचं नाव उच्चारलं की दुसरी गोष्ट आपोआप सांगितली जाते, आणि नाव न उच्चारता जोडप्याला काय समजावणार? मुलगी होईल आणि तिची उंची कमी राहील, हे ऐकताना समोरचा बाप त्यातला कुठला भाग ऐकतोय, ते त्या खोलीत बसलेल्या डॉक्टरलाच पाहावं लागतं.